ओढ्याला पाणी येतं कुठनं?

आजोळी म्हातारी माणसं म्हणायची, ओढा वाहतोय तवर विहिरीची काळजी नाय. लहानपणी वाटायचं ओढाच विहिरींना पाणी पुरवतो. खरं तर बहुतेक वेळा उलटं असतं, विहिरीत जे पाणी आहे तेच पुढे ओढ्यात पाझरतं.

जोराचा पाऊस झाला की ओढा तांबडालाल, काटक्या-कचरा घेऊन दोन-तीन तास धिंगाणा घालतो आणि उतरतो. ते पाणी डोंगरावरनं नुसतं पळत आलेलं. पण दिवाळी होऊन गेली, आभाळात ढग नाही, तरी तळाच्या दगडगोट्यातनं नितळ करंगळीएवढी धार चालूच असते, ती येते खडकातनं.

एखाद्या जुन्या विहिरीत वाकून बघा, सगळं भूगोलाचं पुस्तक तिथेच उघडं असतं. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला दगड, आणि त्याखाली काळा कातळ, ज्याला सुरुंगच लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले त्याचा हा दगड. कातळात पाणी फक्त भेगांमधनं फिरतं, मुरूम-मांजऱ्यात मात्र बऱ्यापैकी साठतं. या साठ्याची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर असेल तर पाणी ओढ्यात झिरपतं. सगळ्यांनी मोटारी लावल्या आणि पातळी तळाच्या खाली गेली की धार बंद, वर ओढ्यात असलेलं पाणीही खाली जिरायला लागतं. म्हणून ओढा आटला की मी आधी आजूबाजूच्या विहिरी बघतो, पावसाला शिव्या नंतर.

आता पाणलोट, म्हणजे ज्या जमिनीवरचं पाणी एका ओढ्याला येऊन मिळतं तेवढा भाग. डोंगराच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूचं पाणी आपल्या ओढ्याला आणि दुसऱ्या बाजूचं शेजारच्या गावाला, ती माथ्याची रेघ हीच खरी हद्द, सातबाऱ्यावरची नाही. अहिल्यानगरजवळचं हिवरे बाजार घ्या. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर, पाऊस वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, तर अख्ख्या गावावर 1 मिलिमीटर पडला की जवळपास 1 कोटी लिटर! आकडा ऐकून डोळे फिरतात, पण यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं आणि मोठी सर आली की ओढ्याने गावाबाहेर निघून जातं.

पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले, आणि नंतर माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर, बांध, झाडं अशी कामं झाली. वरनं सुरुवात का, तर खाली ओढ्यावर बंधारा घातला आणि वरचा डोंगर उघडाच असला तर दोन-चार पावसाळ्यात बंधारा गाळाने भरतो, क्रिकेट खेळा त्यात मग! चर आडवे असतात म्हणून पाणी पळायच्या ऐवजी थांबतं आणि मुरमात जिरतं.

मला मात्र यातली सगळ्यात भारी गोष्ट चर नाही वाटत. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे, ऊसही नाही, कारण बोअर कातळाच्या खालच्या भेगांतलं पाणी ओढतं आणि ते परत भरायला फार वेळ लागतो. पावसाळा संपला की पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावर ठरतं.