शॅमेलिऑन झाडावरच बसून राहतो? नाही हो!

अमेरिकेत फ्लोरिडासारख्या उबदार भागात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की हा प्राणी संथ आहे, अंगणातल्या झाडावर मोकळा सोडला की तिथंच बसतो आणि रंग बदलून पानांत मिसळतो, त्यामुळे पक्ष्यांना दिसतच नाही. दोन्ही चूक. व्हेल्ड जातीच्या शॅमेलिऑनची मादी तर नर नसला तरी अंडी धरते, आणि घालायची वेळ आली की खाली उतरून माती उकरायला जागा शोधत फिरते, बघता बघता कुंपणापलीकडे. आणि रंग? तो आजूबाजूचं बघून नाही तर राग, भीती, थंडी-उन्हानुसार बदलतो, २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की कातडीतल्या बारीक स्फटिकांमधलं अंतर वाढलं की हिरव्याचा पिवळा होतो. म्हणजे चिडलेला नर लांबूनच उठून दिसतो, ससाण्याला आयतंच!

ऊन त्याला हवंच, ड जीवनसत्त्व त्यातूनच बनतं, पण ते जाळीच्या पिंजऱ्यात द्या, अर्धी सावली ठेवा, पानांवर पाणी ठिबकू द्या, मुंग्या चढत नाहीत ना ते रोज बघा. सुटलेल्यांची फ्लोरिडात रानटी वस्ती झालीये, आणि आपल्याकडचा देशी शॅमेलिऑन तर कायद्यानं संरक्षित आहे, तो पकडून पाळायचाच नाही.