जिल्हा निवड चाचणी कबड्डी स्पर्धेचं यजमानपद: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

जत्रेतली कबड्डी आणि जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धा, दोन्हीकडे मैदान तेच असतं. बाकी सगळं वेगळं. जत्रेत आयोजक म्हणतील ती पूर्व दिशा. निवड चाचणीतून मात्र जिल्ह्याचा बारा जणांचा संघ निघतो आणि तो राज्य अजिंक्यपद स्पर्धेत उतरतो. अनेक मंडळांची इथेच एक गैरसमजूत असते. जिंकलेला संघ जसाच्या तसा राज्याला जात नाही. जातात ते निवड समितीने वेगवेगळ्या संघांतून उचललेले खेळाडू. त्यामुळे चषक कोणी नेला यापेक्षा प्रत्येक खेळाडूला पुरेसं खेळायला मिळालं का, हा प्रश्न मोठा आहे.

यजमानपदासाठी कोण पात्र?

तुमचं मंडळ जिल्हा कबड्डी संघटनेशी संलग्न हवं आणि चालू वर्षाचं नूतनीकरण झालेलं हवं. जिल्हा संघटना महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनशी संलग्न असते, म्हणून निवडीला वजन येतं. नुसतं गणेशोत्सव मंडळ असून भागत नाही. राज्य स्पर्धेची तारीख जाहीर झाली की जिल्ह्याला त्याआधी निवड उरकायची असते, तेव्हा परिपत्रकाची वाट न बघता अर्ज आधीच देऊन ठेवा.

मंडळाच्या लेटरहेडवर जिल्हा संघटनेच्या सरकार्यवाहांच्या नावे अर्ज लिहायचा: कोणता गट (पुरुष, महिला, कुमार, किशोर), कुठलं मैदान, किती दिवस, बाहेरगावच्या संघांची उतरण्याची सोय कुठे. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र (1860 चा संस्था नोंदणी कायदा किंवा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, जिथे असेल तिथलं), संलग्नतेची चालू पावती, कार्यकारिणीच्या ठरावाची खरी प्रत, मागच्या वर्षाचा हिशेब आणि जागामालकाचं संमतिपत्र. ठराव विसरू नका. अध्यक्षांनी उत्साहात अर्ज द्यायचा आणि खजिनदाराला पेपरात वाचून कळायचं, हे घडतं.

मैदान आणि परवानग्या

पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. पण अर्जात जागा दाखवताना एवढंच मोजू नका. अंतिम रेषेमागे दोन मीटर सोडून बाद खेळाडूंची बसायची जागा असते, शिवाय गुणलेखकांचं टेबल आणि प्रेक्षकांचं कुंपण. पाहणीला येणारे पंच आधी टेप काढतात.

ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा शाळेचं नाहरकत पत्र, पोलीस ठाण्याची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी, आणि मैदानावर डॉक्टर किंवा निदान रुग्णवाहिका. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणजे सामन्यांचं वेळापत्रक याच आकड्यावरून उलटं मोजत यायचं.

खेळाडूंची नोंद, वय आणि वजन

प्रवेशिकेसोबत संघाच्या संलग्नतेची पावती, खेळाडूंची यादी, फोटो, मूळ आधारकार्ड, आणि खेळाडू दुसऱ्या संघातून आला असेल तर बदलीपत्र. एका मोसमात एक खेळाडू दोन संघांच्या यादीत दिसला तर ते प्रवेशिका घेतानाच निस्तरा. सामना सुरू झाल्यावर ते भांडण होतं.

कुमार गट 20 वर्षांखालचा, किशोर 16 वर्षांखालचा. वय कोणत्या तारखेला धरायचं आणि या गटांचं वजन किती, हे त्या वर्षीच्या परिपत्रकातूनच घ्या, मागच्या वर्षीच्या आठवणीतून नको. जन्मदाखला तपासताना जन्मतारखेखाली नोंदणीची तारीखही वाचा. जन्मानंतर वर्षाच्या आत नोंदलेला दाखला भक्कम. सतराव्या वर्षी नोंद झालेला दाखला आला तर शाळेचा पहिलीचा प्रवेश मागा.

पुरुषांची वजनमर्यादा 85 किलो, महिलांची 75. एकदा आमच्या स्पर्धेत वजनकाटा किराणा दुकानातून आणला आणि मैदानाकडेच्या भुसभुशीत मातीवर ठेवला. एक पोरगा तीनशे ग्रॅमनी जास्त भरला. त्याने रेनकोट घातला आणि भर दुपारी डांबरी रस्त्यावर पळत सुटला. तासाभराने परत आला तर आणखी दोनशे ग्रॅम जास्त! शेवटी काटा शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर नेला, तिथे पोरगा आरामात मर्यादेत बसला. तोवर दोन संघांची हमरीतुमरी होऊन गेली होती. काटा इलेक्ट्रॉनिक, फरशीवर, एकच, आणि दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांसमोर.

ड्रॉ कसा काढायचा

समजा 24 संघ आले. थेट बाद पद्धतीत 32 चा तक्ता करावा लागतो, म्हणजे 8 संघांना बाय (पहिली फेरी न खेळता थेट दुसरी) आणि एकूण 23 सामने. सुटसुटीत वाटतं. पण दुबळ्या संघातला चांगला चढाईपटू पहिल्याच सामन्यात 45 मिनिटांत घरी जातो आणि निवड समितीने त्याला एकदाच पाहिलेलं असतं. माझ्या मते निवड चाचणीला साखळीच हवी, म्हणजे गटातला प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी खेळतो. 24 संघांचे तीन-तीनचे आठ गट केले तर साखळीचे 24 सामने होतात. आठ गटविजेत्यांचे पुढचे सात धरून 31. दोन मैदानं, संध्याकाळी सहा ते दहा, सामन्याला तास धरला (खेळ 20-5-20, वर टाइमआउट आणि मैदान झाडणं) तर रोज आठ सामने, चार दिवसांत सगळं आटोपतं.

मागच्या वर्षीचे उपांत्य फेरीतले चार संघ वेगवेगळ्या गटांत घाला, एकाच गावचे दोन संघ एका गटात येऊ देऊ नका, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या सगळ्या संघांच्या प्रतिनिधींसमोर, शक्यतो एखाद्या लहान पोरीच्या हातून. तीनच्या गटात पहिला सामना हरलेला संघ दुसऱ्या सामन्यात तिसऱ्याशी खेळवा, नाहीतर शेवटच्या सामन्यात संगनमताला वाव राहतो. साखळीत गुण सारखे झाले तर काय बघायचं ते ड्रॉआधी लिहून प्रत्येकाची सही घ्या. बाद फेरीतली बरोबरी पाच-पाच चढायांवर आणि तरीही सुटली नाही तर सुवर्ण चढाईवर (एकाच निर्णायक चढाईवर) सुटते, हे सगळ्यांना माहीत असतं. वाद साखळीतल्या बरोबरीवर होतात.

निवड समिती आणि पंच

पंच जिल्हा संघटना नेमते. प्रत्येक सामन्याला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. यजमानांनी त्यांच्या मानधनाची आणि जेवणाची सोय करायची, नेमणुकीत बोट घालायचं नाही. निवड समितीतला माणूस खेळणाऱ्या संघाचा प्रशिक्षक किंवा कोणाचा काका नसावा. छोट्या जिल्ह्यात हे अवघड आहे, मान्य. निदान त्या सामन्यापुरतं त्याने उठावं आणि तसं वहीत लिहावं. बारा नावांसोबत राखीव नावंही त्याच रात्री जाहीर करा. दोन दिवसांनी यादी आली की गाव बोलू लागतं.

स्पर्धेनंतर

सह्या झालेली गुणपत्रकं, ड्रॉचा कागद, वजनाची वही, हरकतींचे अर्ज आणि निकाल यांची एक फाइल जिल्हा संघटनेला द्या, झेरॉक्स मंडळात ठेवा. प्रमाणपत्रावर गट, स्थान, दिनांक आणि अनुक्रमांक हवाच. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी होते, तेव्हा जुन्या नोंदींची गरज पडू शकते. आमच्याकडे असाच एक पोरगा सहा वर्षांनी आला होता, भरतीच्या आदल्या आठवड्यात. कपाट उपसलं. वर्गणीची पावतीपुस्तकं होती, मंडपवाल्याचं बिल होतं, पाहुण्यांच्या हाराचंही होतं. गुणपत्रक नव्हतं.