शोगी

शोगी : जपानी बुद्धिबळ, दोघांनी खेळायचा बैठा खेळ. पटावर ९ × ९ अशी ८१ एकरंगी घरे असतात आणि प्रत्येकाकडे २० मोहरे. मोहरे लाकडी, चपटे, पाचकोनी असून त्यांवर नावे लिहिलेली असतात. दोन्ही बाजूंचा रंग एकच. टोक कोणाकडे रोखले आहे यावरून मोहरा कोणाचा ते ओळखायचे. राजाला मात देणे हे उद्दिष्ट बुद्धिबळाप्रमाणेच.

शोगीचे मूळ भारतीय चतुरंगात आहे, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो मार्गाचा. एका मतानुसार खेळ चीन-कोरियामार्गे आला. नावे लिहिलेले चपटे मोहरे आणि सरळ पुढचाच मोहरा मारणारे प्यादे (थायलंडमध्ये व आपल्याकडे ते तिरके मारते) हे त्याचे आधार. दुसरे मत आग्नेय आशियाकडे बोट दाखवते. चिनी पटावर मोहरे रेषांच्या छेदांवर मांडतात, शोगीत घरांत. शिवाय शोगीतील ‘रौप्य सेनापती’ एक घर पुढे किंवा चारही कोपऱ्यांकडे तिरका चालतो. थायी बुद्धिबळातील ‘खोन’ हा मोहरा व ब्रह्मदेशी बुद्धिबळातील हत्ती यांची चाल नेमकी हीच. अल्-बीरूनीने सु. १०३० मध्ये वर्णन केलेल्या भारतीय खेळातील हत्तीही असाच चाले : सोंडेचे एक घर, पायांची चार. (आजचा आपला सरळ धावणारा हत्ती तो नव्हे.) चाली दक्षिणेकडच्या आणि रूप चिनी, असा संकर मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जपानमधील नारा येथील कोफुकुजी मंदिराच्या परिसरात १९९३ मध्ये सापडलेल्या मोहऱ्यांसोबतच्या लाकडी पट्टीवर १०५८ शी जुळणारे साल आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास खेळ रुळला होता, एवढे त्यावरून म्हणता येते. तो आला केव्हा, हे ठरत नाही.

मारलेला मोहरा आपला म्हणून पुन्हा पटावर उतरवता येणे, हे शोगीचे वैशिष्ट्य. ‘निचूरेकी’ या सु. तेराव्या शतकातील ग्रंथात प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की डाव जिंकला, असे म्हटले आहे. तेव्हा हा नियम नसावा. सोळाव्या शतकापर्यंत तो रूढ झाला असावा. भाडोत्री सैनिकांच्या पक्षांतराशी त्याचा संबंध जोडतात, पण तो तर्कच. स्वतःचे साधे (बढती न मिळालेले) प्यादे असलेल्या उभ्या पट्टीत दुसरे प्यादे उतरवता येत नाही, तसेच उतरवलेल्या प्याद्याने थेट मात देता येत नाही.

मोहरे पटावर परतत राहिल्याने शक्य चाली घटत नाहीत. त्यामुळे संगणकाला शोगी बुद्धिबळापेक्षा जड गेली. अल्फा डेन्शी कंपनीने १९८२ मध्ये ‘शोगी’ हा आर्केड व्हिडिओ गेम काढला. मात्र पदावरील ‘मेइजिन’ (शोगीतील एका मानाच्या किताबाचा धारक) संगणकाकडून हरला तो २०१७ मध्ये : पोनान्झा या प्रणालीने सातो अमाहिको यांच्याविरुद्धचे दोन्ही डाव जिंकले.