फाइल सापडेना आणि संदेश टाइपरायटरचा!

प्रोग्रामला फाइल उघडायची होती, ती जागेवर नव्हती. पडद्यावर मात्र उमटलं, ‘नॉट अ टाइपरायटर’. फाइलचा आणि टाइपरायटरचा संबंध काय? जुन्या युनिक्स (संगणकाची एक कार्यप्रणाली) यंत्रणांवर सी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांना या संदेशाने चांगलंच चकवलं आहे.

सी लायब्ररीत, म्हणजे सीच्या तयार फंक्शन्सच्या संचात, चूक का झाली याचं कारण ‘एरनो’ नावाच्या एका पूर्णांकात ठेवलेलं असतं. लिनक्सवर फाइल नसेल तर कर्नल (यंत्रणेचा गाभा) उणे २ हा आकडा परत देतो. लायब्ररी त्याचं चिन्ह बदलून २ एरनोत टाकते आणि फाइल उघडणारं ‘एफओपन’ आपल्या हाती नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, ठेवतं. इथवर सगळं ठीक.

घोटाळा होतो पुढच्या ओळीत. तिथे कुणीतरी आधी छपाईच्या ‘प्रिंटएफ’ने ‘फाइल उघडत नाही’ असं छापतं आणि मग एरनोतल्या आकड्याचा अर्थ छापणाऱ्या ‘पीएरर’ला हाक मारतं. प्रिंटएफ पहिल्यांदाच चालत असेल तर बफर (मजकूर तात्पुरता साठवायची जागा) कसा ठेवायचा हे ठरवण्यासाठी लायब्ररी तपासते की समोर टर्मिनल, म्हणजे माणसाचा पडदा-कीबोर्ड, आहे का. आउटपुट फाइलकडे वळवलेलं असलं की उत्तर ‘नाही’ येतं आणि एरनोत टर्मिनल नसल्याचा आकडा बसतो. लिनक्सवर तो २५ आहे. ‘नॉट अ टाइपरायटर’ हा त्याचाच जुना मजकूर. छपाई बिनबोभाट झाली, पण आधीचा २ पुसला गेला. पीएरर बिचारं जे दिसलं ते वाचतं. आजच्या बऱ्याच लायब्ररी इथे एरनो जपतात, पण तशी सक्ती नाही. यशस्वी फंक्शननेही एरनो बदलला तरी सी मानकाला चालतं. फक्त कुठलंही लायब्ररी फंक्शन तो स्वतःहून शून्यावर आणत नाही.

म्हणून ‘एरनो शून्य नाही, म्हणजे चूक झाली’ हा तर्कच फसवा. आधी परत आलेली किंमत बघायची. ती अपयश सांगत असेल तर लगेच, दुसरं काहीही करण्याआधी, ‘इंट चूक = एरनो;’ अशी नक्कल काढायची. मग खुशाल लॉग लिहा, फाइली बंद करा, आणि शेवटी आकड्याचा मजकूर देणाऱ्या ‘स्ट्रएरर’ला ती नक्कल द्या. तुलना आकड्याशी नको, नावाशी करा: लिनक्सवर ११ म्हणजे ‘ईअगेन’ (पुन्हा प्रयत्न करा), पण मॅकवर ईअगेन ३५ आहे.

मजकुराचा आकडा करणारं ‘स्ट्रटोल’ जरा वेगळं. संख्या मावली नाही तर ते ‘लाँग’ या पूर्णांक प्रकाराची कमाल किंवा किमान किंमत देतं, पण ती खरीखुरी संख्याही असू शकते. इथे हाक मारण्याआधी एरनो स्वतः शून्य करावा लागतो आणि नंतर त्यात ‘ईरेंज’ (संख्या मावली नाही) आहे का ते पाहावं लागतं.

थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी कामं, हाताळणारी पीथ्रेडची फंक्शन्स तर चूक सांगणारा आकडा एरनोत न टाकता थेट परत देतात. तिथे पीएरर वापरलं की अपयशावर ‘सक्सेस’ छापलेलंही बघायला मिळतं.

अनेक थ्रेड असले तरी प्रत्येकाचा एरनो वेगळा असतो, त्याची चिंता नको. स्ट्रएररचा मजकूर मात्र पुढच्या हाकेत पुसला जाऊ शकतो. त्यासाठी ‘स्ट्रएरर_आर’ आहे, पण त्याच्या दोन जाती आहेत. पॉसिक्सची (युनिक्ससारख्या यंत्रणांचं मानक) आवृत्ती मजकूर तुमच्या बफरमध्ये भरते आणि पूर्णांक देते. ग्नूची (लिनक्सवर सर्रास असलेल्या सी लायब्ररीची) आवृत्ती मजकुराचा पॉइंटर देते आणि तुमच्या बफरला हात न लावताही परतू शकते. ग्नूची वापरत असाल तर तो पॉइंटरच छापा, नाहीतर संदेशाच्या जागी बफरमधला जुना कचरा दिसेल.