आपल्याच देशाच्या नोंदी वाचायला शिकताना

जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंद झालेली नाही, असा युनिसेफचा २०२४ सालचा अंदाज आहे. मृत्यूंची स्थिती याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगातल्या दर दहा मृत्यूंपैकी चार नोंदवलेच जात नाहीत आणि आफ्रिकेत तर दहापैकी जेमतेम एक नोंदला जातो. जन्माचा दाखला शाळेसाठी, पासपोर्टसाठी कधी ना कधी लागतो. मृत्यूचा दाखला मागायला माणसे येतात ती जमीन, पेन्शन किंवा विमा असेल तेव्हा. ज्यांच्या नावावर काहीच नसते अशा बायका, तान्ही बाळे आणि गरीब माणसे म्हणूनच नोंदीतून सर्वांत आधी निसटतात. ज्या आजाराने ती गेली, तो आजारही मग सरकारी हिशेबात येत नाही.

हे सुधारण्यासाठी संगणक दिले गेले, सॉफ्टवेअर दिले गेले, परदेशी सल्लागार येऊन अहवाल लिहून गेले. ते सगळे लागतेच. पण सल्लागार परतल्यावर नोंदी वाचणारे कोणी कार्यालयात उरले नाही, तर अहवाल कपाटात जातो. ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी दानसंस्थेच्या २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘डेटा फॉर हेल्थ’ उपक्रमात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाने चालवलेली फेलोशिप, म्हणजे अल्पकालीन प्रशिक्षण, मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. आरोग्य मंत्रालय, सांख्यिकी कार्यालय किंवा नोंदणी खात्यात काम करणारी माणसे (म्हणजेच फेलो) काही आठवड्यांसाठी येतात, तीही आपल्या देशाची आकडेवारी बरोबर घेऊन. तज्ज्ञांच्या शेजारी बसून तीच तपासतात आणि पुन्हा आपल्या खात्यात रुजू होतात. पाठ्यपुस्तकातल्या तयार उदाहरणात जे कधीच सापडत नाही, ते स्वतःच्या खात्याच्या तक्त्यात समोर येते.

पहिलाच प्रश्न अवघड असतो: जे नोंदवलेच गेले नाही, ते मोजायचे कसे? यावरचा एक सुंदर उपाय सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९मध्ये मांडला, तोही बंगालमधल्या सिंगूरच्या नोंदी वापरून. एकाच भागाच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या. समजा, जन्म-मृत्यू नोंदवणाऱ्या निबंधकाच्या वहीत ६०० मृत्यू आहेत, घरोघरच्या पाहणीत ५०० सापडले आणि दोन्हीकडे जुळलेले ४०० आहेत. पाहणीत सापडलेल्या पाचांपैकी चार वहीत आहेत, म्हणजे वही सुमारे ८० टक्के पूर्ण आहे. मग एकूण मृत्यू झाले असतील ७५०, आणि त्यांतले ५० दोन्ही याद्यांतून सुटलेले.

खरी मेख इथून पुढे आहे. हे गणित दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालते. पण दूरच्या वस्तीतले जे घर निबंधकाला सापडत नाही, तेच बहुधा पाहणी करणाऱ्यालाही सापडत नाही. तसे असेल तर सुटलेले मृत्यू ५०हून जास्त असतात आणि वही वाटते त्याहून अपुरी निघते. त्यामुळे भाग, वय, स्त्री-पुरुष असे गट पाडून प्रत्येक गटाचे गणित वेगळे करायचे, हा उपायही त्या दोघांनीच सुचवला होता. कुठल्या गटात किती सुटले असतील याचा अंदाज बांधायला तो मुलूख ठाऊक असलेला माणूस लागतो. फेलो आपल्याच खात्यातला असण्याचा फायदा इथे कळतो.

दुसरा प्रश्न मृत्यूच्या कारणाचा. मृत्यूच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरने साखळी लिहायची असते: वरच्या ओळीत थेट कारण, त्याखाली ते कशामुळे झाले, आणि सर्वांत खाली ज्यापासून सुरुवात झाली ते मूळ कारण. आकडेवारीत मोजले जाते ते हे मूळ कारण. प्रत्यक्षात अनेक प्रमाणपत्रांवर फक्त ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच असते. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. त्यामागे क्षयरोग होता, बाळंतपणातला रक्तस्राव होता की अपघात, हे त्यातून कळत नाही. अशा बिनउपयोगी नोंदी किती आणि कुठल्या वयोगटात आहेत, हे दहा टप्प्यांत तपासणारे ‘ॲनाकोंडा’ नावाचे साधन मेलबर्न विद्यापीठ आणि एका स्विस संस्थेने मिळून तयार केले आहे. फेलोंच्या हाती ते दिले जाते. दोष सापडला की पुढचे पाऊल साधे असते: डॉक्टरांना प्रमाणपत्र भरायला नीट शिकवणे.

घरी झालेल्या मृत्यूंच्या वेळी तर अनेकदा डॉक्टरच नसतो. तिथे प्रशिक्षित कार्यकर्ता कुटुंबाला लक्षणे विचारतो, ताप किती दिवस होता, दम लागत होता का, आणि त्या उत्तरांवरून संगणक संभाव्य कारण काढतो. याला वर्बल ऑटोप्सी म्हणतात. एकट्या माणसाबाबत हा निष्कर्ष चुकू शकतो, पण हजारो मृत्यू एकत्र पाहिले की कुठल्या आजाराचा वाटा किती, याचे बऱ्यापैकी चित्र मिळते.

मला सर्वांत आवडलेला अभ्यास मात्र गणिताचा नाहीच. एखादा जन्म घडल्यापासून दाखला हाती येईपर्यंत कागद कुणाकुणाकडे जातो, याचा पूर्ण नकाशा फेलो काढतात. आरोग्य कर्मचाऱ्याला जन्म कळलेला असतो, पण निबंधकाला कळवणे त्याच्या कामात बसत नाही. कुटुंबाने स्वतः यावे म्हणून कार्यालय वाट पाहत राहते. बांगलादेशात कालीगंज इथे ही दिशा उलटी केली गेली आणि घरोघर जाणारे आरोग्य कर्मचारीच जन्म-मृत्यू कळवू लागले.

या प्रशिक्षणाची एक दुखरी बाजूही आहे. फेलोची बदली झाली की त्याचे शिकणे त्याच्याबरोबर जाते. शिवाय मृत्यूची माहिती आरोग्य खात्याकडे, नोंदणीचा अधिकार बहुधा दुसऱ्याच मंत्रालयाकडे आणि आकडे जाहीर करणे सांख्यिकी कार्यालयाकडे असते. एका खात्यातला एकटा फेलो अर्जातली एक ओळही बदलू शकत नाही. म्हणून मला वाटते, प्रत्येक देशाने तिन्ही खात्यांतली माणसे एकत्र पाठवावीत आणि परतल्यावर निदान काही वर्षे त्यांना त्याच कामावर ठेवावे.