निपिगॉन सरोवरावर मासेमारीस जाण्यापूर्वी: परवाना, निवासाची अट आणि कागदपत्रे

कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातील निपिगॉन सरोवर थंडर बे शहराच्या ईशान्येस असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर आहे. टोरांटो परिसरातून थंडर बेपर्यंतचेच अंतर सुमारे १,४०० किलोमीटर भरते. एवढ्या लांब गेल्यावर परवाना चुकीच्या वर्गातील निघाला, तर सगळी सहल वाया जाते.

अर्ज भरणे अवघड नाही. आउटडोअर्स कार्ड, म्हणजे शिकार-मासेमारीच्या परवान्यांसाठी लागणारे प्रांताचे ओळखपत्र, काढावे आणि त्यासोबत मासेमारीचा परवाना घ्यावा. ही दोन्ही कामे प्रांत सरकारच्या ऑनलाइन सेवेवर किंवा परवाने देणाऱ्या अधिकृत दुकानात होतात. परवान्याचे ‘स्पोर्ट’ आणि ‘कॉन्झर्वेशन’ असे दोन प्रकार आहेत. दुसरा स्वस्त असतो, मात्र त्यावर कमी मासे ठेवता येतात.

खरी अडचण निवासाच्या अटीत आहे. परवान्याचा वर्ग पासपोर्टवरून किंवा पीआर (कायम वास्तव्याच्या) कार्डावरून ठरत नाही, तर वास्तव्याच्या महिन्यांवरून ठरतो. ज्याचे मुख्य घर ओंटारियोत आहे आणि अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत जो तेथे सलग सहा महिने राहिला आहे, तोच ओंटारियोचा रहिवासी मानला जातो. त्यामुळे दोन वर्षे शिकत असलेला विद्यार्थी या वर्गात बसतो, पण तीन महिन्यांपूर्वी पीआर घेऊन थेट भारतातून उतरलेले कुटुंब बसत नाही. त्याला अनिवासी वर्गाचाच परवाना घ्यावा लागतो. पत्ता ओंटारियोचा आहे एवढ्यावर विसंबून रहिवासी वर्ग निवडणे म्हणजे सरकारी अर्जात चुकीची माहिती देणे होय. तेव्हा भाडेकरार आणि कॅनडात आल्याची तारीख पाहून महिने आधी मोजावेत.

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर हमखास गैरसमज होतो. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना लागत नाही, हे ऐकीव ज्ञान अर्धेच खरे आहे. ही सवलत कॅनडातील रहिवाशांसाठी आहे, आणि त्यांनाही नाव व जन्मतारीख असलेले सरकारी ओळखपत्र जवळ बाळगावे लागते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना गळ टाकायचा असेल, तर त्यांच्यासाठी अनिवासी परवाना काढणे आवश्यक आहे. पाहुणा म्हणून आलेले मूल अठरा वर्षांखालील असेल, तर परवानाधारक मोठ्या माणसाच्या सोबतीने ते मासेमारी करू शकते. मात्र त्याने पकडलेला मासा त्या मोठ्या माणसाच्या मर्यादेत धरला जातो.

तारखांकडेही नीट लक्ष द्यावे. वार्षिक परवाना कॅलेंडर वर्षापुरता असतो, म्हणजे नोव्हेंबरात घेतलेला परवाना ३१ डिसेंबरला संपतो. अनिवासींसाठीचा आठ दिवसांचा परवाना सलग आठ दिवस चालतो. त्याची सुरुवात घरून निघण्याच्या दिवसापासून धरल्यास पहिले दोन दिवस गाडीतच जातात. एक दिवसाच्या परवान्यास आउटडोअर्स कार्ड लागत नाही, एवढीच त्यातली सोय.

सरोवराकाठच्या सरकारी जमिनीवर, म्हणजे क्राउन लँडवर, तंबू ठोकायचा असेल तर मोजणी बदलते. फ्रेंच आणि मटावा नद्यांच्या उत्तरेस, म्हणजे निपिगॉनकडेही, अठरा वर्षांवरील अनिवासीला मुक्कामाचा वेगळा परवाना लागतो. कॅनडाच्या नागरिकाला आणि मागील बारा महिन्यांत किमान सात महिने कॅनडात राहिलेल्या व्यक्तीला तो लागत नाही. एकाच प्रांतात मासेमारीसाठी सहा महिने आणि मुक्कामासाठी सात महिने असा भेद ठेवल्याने साध्या माणसाची विनाकारण तारांबळ उडते, आणि याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता. रहिवाशांनाही एका जागी वर्षात २१ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

निपिगॉन मासेमारीच्या सहाव्या विभागात येते, परंतु विभागाचा तक्ता वाचून थांबू नये, कारण या सरोवरासाठी स्वतंत्र अपवाद दिलेले आहेत. ज्या ब्रूक ट्राउटसाठी लोक इतक्या दूर जातात, तो एकच मासा ठेवता येतो आणि तोही ५६ सेंटिमीटरपेक्षा मोठा असावा लागतो; म्हणून मोजपट्टी सोबत असू द्यावी. आमिषाचेही विभाग आहेत. म्हणून आमिषाचे जिवंत मासे टोरांटोहून नेणे टाळावे. अपवादांत परवानगी असेल तेच आमिष तेथील दुकानातून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी, कारण ती दोन आठवडेच ग्राह्य धरली जाते.

मोटारबोट चालवणाऱ्याकडे प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड, म्हणजे बोट चालवण्याच्या पात्रतेचे कार्ड, असावे लागते. ते नसल्यास भाड्याने बोट देणाऱ्याकडून सुरक्षा तपासणी यादी भरून, दोघांच्या सह्या करून घ्यावी. भाड्याच्या मुदतीपुरती तीच पात्रतेचा पुरावा ठरते. हंगामाच्या गर्दीत ही यादी भरून देण्याचे राहून जाऊ शकते, म्हणून ती स्वतः मागून घ्यावी आणि परत येईपर्यंत बोटीतच ठेवावी.