रंगफरकाचा आकडा आणि आपली नजर : चटई उत्पादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या मास्टरबॅचच्या (चटईच्या प्लास्टिकला रंग देण्यासाठी त्यात मिसळायच्या, रंगद्रव्य भरलेल्या दाण्यांच्या) प्रत्येक लॉटसोबत जाणाऱ्या तपासणी अहवालात 'डेल्टा ई' हा आकडा छापलेला असतो. मंजूर नमुना आणि नवा लॉट यांच्या रंगांत किती अंतर आहे, हे तो सांगतो. मात्र हे अंतर काढण्याची सूत्रे एकाहून अधिक आहेत आणि ती सगळी नजरेशी सारखीच जुळत नाहीत.

'सीआयई' या प्रकाश व रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे १९७६ चे सूत्र उजळपणा, तांबडे-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा या तीन मापांतले सरळ अंतर धरते. हिशेबाला ते सोपे आहे, म्हणूनच अजून टिकून आहे. परंतु करड्या रंगात किंचित पिवळेपणा आला तरी तो डोळ्याला लगेच खटकतो, आणि भडक पिवळ्यात तेवढीच भर पडली तर सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. समजा, भडक पिवळ्या दाण्याचे पिवळेपणाचे माप ८० वरून ८४ झाले, निव्वळ करड्याचे ० वरून ४ झाले, आणि दोन्हींत तांबडे-हिरवेपणा शून्यच राहून उजळपणाही बदलला नाही. तर जुने सूत्र दोन्हीकडे ४ असाच फरक दाखवते. त्याच संस्थेच्या 'सीआयईडीई २०००' या नव्या सूत्राने मात्र पिवळ्यात सुमारे ०.८५ आणि करड्यात सुमारे ३.७ येतात, जे नजरेच्या बरेच जवळचे आहे. निळ्या छटांसाठीही त्यात वेगळी दुरुस्ती आहे. आम्ही हेच सूत्र वापरतो.

तरीही तेच अंतिम मानू नये. हे सूत्र लहान फरकांसाठी आहे, आणि त्यात गुळगुळीत, एकरंगी, एकमेकांना चिकटून ठेवलेले नमुने राखाडी पार्श्वभूमीवर, दिवसाच्या प्रकाशासारख्या उजेडात पाहिले जातील असे गृहीत धरलेले आहे. विणलेल्या चटईत उंचसखलपणा, चमक आणि शेजारचा दुसरा रंग असतो. शिवाय वेगळी रंगद्रव्ये वापरून जुळवलेला रंग जळगावच्या उन्हात तंतोतंत जुळूनही दुकानाच्या एलईडीखाली वेगळा दिसू शकतो.

आकडा एकच्या आत असूनही चटईत पट्टा का दिसतो, अशी विचारणा वारंवार होते. एक लॉट नमुन्यापेक्षा ०.८ पिवळसर आणि दुसरा ०.८ निळसर असेल, तर दोन्ही स्वतंत्रपणे पास होतात, पण परस्परांत सुमारे १.६ चा फरक उरतो. त्यामुळे एका चटईत दोन लॉट मिसळू नयेत, आणि ऑर्डरवर सूत्राचे नाव व कोणत्या उजेडात तपासायचे हे लिहून सोबत मंजूर चटईचाच तुकडा जोडावा. नुसती रंगाची चिप पुरत नाही.